मोटारीविना बेळगाव

निवृत्तीनंतर कोठे स्थायिक व्हावे, हा प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंनाही पडतो. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरील बेळगावची हवा सर्वश्रुत आहे. तथापि घर निवडताना अंतरही पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली जेथे सायकलींचे दुकान काढले, त्या या शहरात गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार ही पेठ आजही पायी फिरता येते. आठवड्याला दीडशे मिनिटे चाला, असे आपण रुग्णांना सांगतो. भाजी, औषधे व वाचनालय चालत गाठता आले, तर ते पथ्य आपसूक पाळले जाते. उतारवयात दृष्टी मंदावते, मुले परगावी असतात आणि मोटार दारातच उभी राहते. तेव्हा घर घेण्यापूर्वी, रात्री-अपरात्री रिक्षा मिळते का ते विचारावे आणि बाजारापर्यंत एकदा भर पावसात चालून पाहावे.