मनोरंजन-उद्यानांतील गतिजन्य विकार

वाहन, जहाज, विमान किंवा फिरता पाळणा यांत बसलेल्या निरोगी माणसास गतीमुळे मळमळ, चक्कर, थंड घाम, ओकारी इ. लक्षणांचा जो समूह जाणवतो, त्यास गतिजन्य विकार म्हणतात. ‘बोट लागणे’, ‘गाडी लागणे’ हे मराठीतील वाक्प्रचार याच विकाराचे निदर्शक आहेत. मनोरंजन-उद्यानांतील वेगवान पाळणे, चक्रे, झुलत्या नौका आणि रोलर कोस्टर या साधनांना ‘राइड’ हेच इंग्रजी नाव रूढ झाले असून त्यांवर हा विकार वारंवार आढळतो. उंची, वेग अथवा भीती यांमुळे तो होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती बरोबर नाही. तासाला शंभर किमी.पेक्षा अधिक वेगाने धावणाऱ्या गाडीतून सुखरूप उतरलेला माणूस संथपणे फिरणाऱ्या चक्रावर बेजार होऊ शकतो. शरीराच्या स्थितीविषयी डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू यांच्याकडून मेंदूस मिळणाऱ्या संदेशांतील विसंगती हे या विकाराचे मुख्य कारण मानले जाते.

इतिहास : गतीचा आनंद घेण्याची हौस जुनी आहे. भारतातील जत्रांमध्ये लाकडी रहाटपाळणे व चक्री पूर्वापार फिरत आल्या आहेत, तर रशियात बर्फाच्छादित उतरणींवरून घसरण्याचा खेळ रोलर कोस्टरचा पूर्वज मानला जातो. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे लमार्कस टॉमसन यांनी १८८४ मध्ये सुरू केलेली गाडी तासाला सु. १० किमी. वेगाने धावत असे. तेथेच १८९५ मध्ये उभारलेल्या पूर्ण वर्तुळाकार वळशाच्या गाडीत बसणाऱ्यांच्या मानेला हिसके बसत; कारण सरळ मार्गावरून वर्तुळात शिरताच शरीरावरील भार एकाएकी वाढे. कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या गाडीचा वळसा अश्रुबिंदूच्या आकाराचा होता; त्यात वक्रता क्रमाक्रमाने वाढत गेल्याने हा दोष दूर झाला. भारतात दिल्ली येथे १९८४ मध्ये अप्पू घर, मुंबईत गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका ही उद्याने सुरू झाली. यांपैकी अप्पू घर २००८ मध्ये बंद झाले. राइडच्या रचनेतील सुधारणांमुळे इजा कमी झाल्या. मळमळ मात्र नाहीशी झाली नाही. इजा आणि मळमळ यांची कारणे मुळातच भिन्न आहेत.

संतुलनाची इंद्रिये : प्रत्येक अंतर्कर्णात परस्परांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव डोके वळताच जडत्वामुळे मागे रेंगाळतो व संवेदनाग्राही केसांना वाकवितो. त्यावरून डोक्याच्या भ्रमणाची जाणीव होते. नलिकांच्या तळाशी असलेल्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटाचे सूक्ष्म स्फटिक एका श्लेष्मल पटलात रुतलेले असतात. त्यांच्या सरकण्यामुळे डोक्याचा कल आणि सरळ रेषेतील प्रवेग समजतो. या इंद्रियांच्या कार्याविषयीच्या संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. [→ कान].

या यंत्रणेस दोन मर्यादा आहेत. नलिकांना भ्रमणातील बदल कळतो, एकसारखे भ्रमण कळत नाही. चक्र समान गतीने फिरत राहिले, की द्रवही नलिकांबरोबर फिरू लागतो आणि डोळे मिटलेल्या माणसाची भ्रमणाची जाणीव एखाद्या मिनिटाच्या आत ओसरते. चक्र थांबले, तरी द्रव काही काळ फिरतच राहतो. त्यामुळे उतरल्यावर आपण उलट दिशेने फिरत असल्याचा भास होतो. दुसरी मर्यादा अशी, की पिशव्यांतील स्फटिकांना गुरुत्वाकर्षण आणि प्रवेग यांतील फरक ओळखता येत नाही. वेगाने पुढे लोटली जाणारी व्यक्ती आणि आरामखुर्चीत मागे कललेली व्यक्ती यांना स्फटिकांकडून मिळणारा संदेश सारखाच असतो. नित्याच्या चालण्या-बसण्यात डोळे व स्नायू यांच्या साक्षीने मेंदू हा संभ्रम दूर करतो. राइडवर ही साक्षच विस्कळित होते.

कारणमीमांसा : अंतर्कर्णाखेरीज हा विकार संभवत नाही, याचा पुरावा विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १८८२ मधील लेखात मिळतो. त्यांनी ५१९ मूकबधिरांविषयी माहिती गोळा केली, तेव्हा १८६ जणांना गरगर फिरवूनही अजिबात चक्कर येत नसल्याचे आढळले. याउलट हार्व्हर्ड येथील सु. दोनशे विद्यार्थी व अध्यापक यांच्यापैकी केवळ एकास चक्कर आली नाही. संतुलनेंद्रिये निकामी झालेल्या व्यक्तींना बोटही लागत नाही, असे पुढे वेळोवेळी दिसून आले. तात्पर्य, गतिजन्य विकार हा शरीराच्या दुर्बलतेचा नसून संतुलनयंत्रणा शाबूत असल्याचा परिणाम आहे.

डोळ्यांचा सहभाग दाखविणारे उदाहरण एका राइडचेच आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील १८९४ च्या प्रदर्शनात ‘भुताटकीचा झोपाळा’ अशा अर्थाचे नाव असलेली एक खोली होती. प्रेक्षक छताला टांगलेल्या मोठ्या झोपाळ्यावर बसत. झोपाळा जवळजवळ स्थिर राही आणि सभोवतालची सजविलेली खोली झुलू लागे व अखेर पूर्ण फिरे. आपणच उलटेपालटे होत आहोत, अशी बसणाऱ्यांची खात्री पटे. भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांनी १८९५ मध्ये या भासाचे वर्णन प्रसिद्ध केले असून त्यात अनेकांना मळमळ व भोवळ येत असल्याची नोंद आहे. शरीर हलत नसताना केवळ दृश्य हलल्यानेही विकार होऊ शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

अशा निरीक्षणांना सुसंगत रूप देण्याचे कार्य जेम्स रीझन आणि जोसेफ ब्रँड यांच्या १९७५ मधील ग्रंथाने केले. त्यांच्या मते पूर्वानुभवावरून मेंदू विशिष्ट हालचालीबरोबर विशिष्ट संदेशांची अपेक्षा बाळगतो. प्रत्यक्ष संदेश त्या अपेक्षेशी जुळले नाहीत, की विकार उद्‌भवतो. या विसंगतीचे पर्यवसान ओकारीत का व्हावे, याविषयी मिशेल ट्राइझमन यांनी १९७७ मध्ये एक क्रमविकासात्मक कल्पना मांडली. अनेक विषांमुळे इंद्रियांच्या समन्वयात बिघाड होतो. म्हणून असा बिघाड जाणवताच पोटातील पदार्थ बाहेर टाकणे प्राचीन काळी हितकारक ठरले असावे. ही कल्पना आकर्षक असली, तरी निर्णायकपणे सिद्ध झालेली नाही. शरीराचा तोल सांभाळण्यातील अस्थैर्य हेच मूळ कारण होय, असा पर्यायी सिद्धांत रिच्चिओ व स्टॉफ्रेगन यांनी १९९१ मध्ये मांडला.

राइडचे प्रकार व विकार : उभ्या दिशेतील आंदोलनांवर झालेल्या प्रयोगांत दर सेकंदास सु. ०·२, म्हणजे पाच सेकंदांत एक, या कंप्रतेची आंदोलने सर्वांत अधिक मळमळ उत्पन्न करतात, असे १९७४ मध्ये दिसून आले. जलद हादऱ्यांनी अंग ठेचकाळते, पण मळमळ कमी होते. ६ ते १२ मी. लांबीच्या साध्या लंबकाचा आवर्तकाल सु. ५ ते ७ सेकंद येतो. जत्रेतील झुलती नौका अनेकांना का ‘लागते’, याचा उलगडा या हिशेबातून बऱ्याच अंशी होतो.

रोलर कोस्टरमधील प्रवेग तीव्र असतात. परंतु फेरी थोड्या मिनिटांची असते आणि उघड्या गाडीत पुढचा मार्ग दिसत असल्याने मेंदूस येणाऱ्या हालचालीचा अंदाज बांधता येतो. विकाराची तीव्रता गतीच्या प्रमाणाबरोबरच कालावधीनेही वाढत असल्याने अशा गाडीवरील एका फेरीपेक्षा लागोपाठच्या अनेक फेऱ्या अधिक त्रासदायक ठरतात. उंचावरून कोसळताना ‘पोटात गोळा येतो’, तो गतिजन्य विकार नव्हे. त्या क्षणी शरीराचे वजन जवळजवळ नाहीसे झाल्याने उदरातील इंद्रियांचा नित्याचा ताण सुटतो व ही जाणीव होते; ती क्षणात ओसरते.

फिरणाऱ्या राइडची गोष्ट वेगळी आहे. भ्रमण चालू असता डोके बाजूस कलविले, तर एका नलिकेतील द्रव थबकू लागतो व दुसऱ्या नलिकेतील द्रव ढळतो. परिणामी प्रत्यक्षात नसलेल्या तिसऱ्याच दिशेस कोलमडल्याचा भास होतो. मळमळ निर्माण करण्याचा हा अतिशय खात्रीचा मार्ग असल्याने प्रयोगशाळांतही तो वापरला जातो. हर्बर्ट सेल्नर यांनी १९२६ मध्ये बनविलेल्या ‘टिल्ट-अ-व्हर्ल’ या राइडमध्ये चढउताराच्या वर्तुळाकार मार्गावरून जाणाऱ्या डब्या स्वतःभोवती मोकळेपणाने फिरतात. त्यांची गती गणिती अर्थाने अनियमित असते, असे १९९४ मध्ये दाखविण्यात आले. पुढील गिरकीचा अंदाज न येणे हीच तिची गंमत आणि हेच तिच्यावरील मळमळीचे एक कारण होय. बंद खोलीतील पडद्यावर वेगवान दृश्ये दाखवून आसने थोडीच हलविणाऱ्या राइडमध्ये, तसेच डोळ्यांवर आभासी दृश्याचा चष्मा चढविल्यास, दृश्य व हालचाल यांतील किंचित कालांतरही त्रासदायक ठरते.

लक्षणे : प्रारंभी जांभया, सुस्ती आणि पोटात अस्वस्थता जाणवते. नंतर चेहरा फिका पडतो, थंड घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटते व मळमळ वाढत जाऊन ओकारी होते. जठराच्या स्नायूंतील विद्युत्‌ तरंगांची लय दर मिनिटास सु. तीन असते, मळमळीच्या वेळी ती अनेकदा जलद व अनियमित होते. काही व्यक्तींना मळमळ न होता केवळ गुंगी व निरुत्साह जाणवतो. ही अवस्था काही तास टिकू शकते. ग्रेबील व नेप्टन यांनी १९७६ मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन केले.

प्रवणता : दोन वर्षांखालील मुलांस हा विकार क्वचित होतो. सु. सात ते बारा या वयात तो सर्वांत अधिक आढळतो व पुढे कमी होत जातो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा काहीसा अधिक असून अर्धशिशीच्या रुग्णांमध्ये विशेष दिसतो. कणखरपणाशी त्याचा संबंध नाही. १९६१ मध्ये अंतराळात गेलेले सोव्हिएट अंतराळवीर गेरमान तितोव्ह यांनाही मळमळीचा त्रास झाला होता. म्हणून घाबरट ठरवून मुलांना राइडवर बसण्याचा आग्रह करणे गैर आहे.

प्रतिबंध : डोके आसनाच्या टेकूला घट्ट टेकवावे व फिरत्या राइडवर ते वळवू नये. रोलर कोस्टरमध्ये दृष्टी पुढील मार्गावर, तर फिरत्या डबीत आपल्याबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर अथवा सोबत्यावर स्थिर ठेवावी. पडद्याच्या राइडमध्ये त्रास सुरू होताच डोळे मिटावेत. पोट तुडुंब किंवा अगदी रिकामे नसावे. मद्य वर्ज्य करावे. उतरल्यावर मोकळ्या हवेत स्वस्थ बसून दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. लक्षणे पूर्ण ओसरल्याखेरीज दुसऱ्या राइडवर बसू नये, कारण उरलेल्या त्रासात नव्याची भर पडते. थोड्या थोड्या मात्रेने वारंवार घेतलेला अनुभव सवय निर्माण करतो; परंतु ती बहुधा त्याच प्रकारच्या गतीपुरती असते.

औषधे : हायोसीन तसेच प्रोमेथाझीन, सायक्लिझीन, डायमेनहायड्रिनेट ही हिस्टामीनविरोधी औषधे उपयुक्त आहेत. डायमेनहायड्रिनेटाचा हा गुण अमेरिकेत गे व कार्लिनर यांना योगायोगाने कळला. अंगावर गांधी उठत असल्याने ते औषध घेणाऱ्या एका स्त्रीस ट्राममध्ये नेहमी होणारी मळमळ थांबली. त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही औषधे आधी घ्यावी लागतात. ओकारी सुरू झाल्यावर पोटात घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. त्यांनी झोप येत असल्याने ती घेऊन परतीच्या प्रवासात वाहन चालविणे धोक्याचे आहे. काचबिंदूच्या काही प्रकारांत व लघवी अडणाऱ्या रुग्णांत हायोसीन अपायकारक ठरते. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझीन देऊ नये. त्याने श्वसन मंदावण्याचा धोका असतो. आल्याचा उपयोग सांगितला जातो, परंतु त्याविषयीचे निष्कर्ष एकमुखी नाहीत.

गंभीर विकारांशी भेद : राइडवरील प्रत्येक अस्वस्थता गतिजन्य विकारच असेल, असे नाही. शरीरावरील भार वाढला, की रक्त पायांकडे ओढले जाऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. तिचे कारण मेंदूचा घटलेला रक्तपुरवठा हे आहे. फ्लॉरिडातील एपकॉट येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन : स्पेस’ या अपकेंद्री राइडवर बसल्यानंतर २००५ मध्ये एका बालकाचा व २००६ मध्ये एका प्रौढ स्त्रीचा मृत्यू झाला. बालकास निदान न झालेला हृद्‌विकार होता, तर त्या स्त्रीचा मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाने झाला. २००६ पासून तेथे न फिरणारा सौम्य पर्यायही ठेवण्यात आला. हृद्‌विकार, अनियंत्रित रक्तदाब, मान किंवा पाठ यांचे विकार आणि गर्भावस्था असताना तीव्र राइड टाळावी. प्रवेशद्वारावरील सूचनाफलक याचसाठी असतात.

गतिजन्य विकार विश्रांतीने बहुधा थोड्या तासांत पूर्ण बरा होतो. परंतु राइडनंतर तीव्र डोकेदुखी, मानेत कळा, हातापायांत दुर्बलता किंवा बधिरता, बोलण्यात अडखळणे, दृष्टिदोष, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे अथवा न थांबणारी ओकारी यांपैकी काहीही आढळल्यास ‘राइड लागली’ असे समजून वाट पाहू नये. तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.