जॉन मॅकी : देहाच्या घसाऱ्याचा हिशेब

या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील एका विमानतळावर एक विलक्षण प्रसंग घडला. साठी ओलांडलेला एक धिप्पाड गृहस्थ तपासणीच्या रांगेत उभा होता. बोटांतील अंगठ्या उतरवून ठेवाव्यात, असे पहारेकऱ्यांनी त्याला सांगितले. त्याने साफ नकार दिला आणि तो सरळ विमानाच्या दिशेने निघाला. अखेर सुरक्षारक्षकांनी त्याला जमिनीवर पाडून आवरले. त्या अंगठ्यांपैकी एक १९७१ सालच्या सुपर बोल सामन्यातील विजयाची होती, तर दुसरी व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानमंदिरात मिळालेल्या स्थानाची. गृहस्थाचे नाव जॉन मॅकी. ऐन उमेदीत ज्याला लोळविणे प्रतिपक्षाच्या दोघा-तिघांनाही जड जाई, त्या माणसाला आता भोवतालच्या जगाचे भान उरले नव्हते. अंगठ्या आपल्या आहेत आणि त्या कोणी हिरावून घेता कामा नयेत, एवढी एकच जाणीव शिल्लक होती.

नामवंत खेळाडूंची अशी वाताहत ही काही नवी गोष्ट नव्हे. व्यसन, उधळपट्टी, फसवे मित्र अशी त्याची कारणेही ठरलेली असतात. मॅकीच्या बाबतीत यांपैकी एकही कारण लागू पडत नाही. हा मनुष्य व्यवहारी होता, कुटुंबवत्सल होता आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या सहकाऱ्यांच्या हक्कांसाठी मालकांशी झगडून न्यायालयात जिंकलेला होता. ज्याने सर्वांचा करार दुरुस्त करून घेतला, त्याच्याच म्हातारपणाची तरतूद त्या करारात निघाली नाही. ही गोष्ट म्हणूनच खेळापुरती राहत नाही. श्रमाच्या किमतीत नेमके काय धरायचे आणि काय वगळायचे, या जुन्या प्रश्नाशी ती जाऊन भिडते.

मैदानावरील दहा वर्षे

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून, चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे आणि असे करीत प्रतिपक्षाची शेवटची रेषा गाठायची, हे या खेळाचे ढोबळ सूत्र. प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही बाजूंचे भारदस्त गडी समोरासमोर येऊन एकमेकांवर आदळतात. टक्कर हा येथे अपघात नसतो. खेळ उभा असतो तो टकरीवरच. 'टाइट एंड' या जागेवरील खेळाडूचे काम तर दुहेरी. रांगेच्या टोकाला राहून त्याने प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घ्यायचे आणि संधी मिळताच पुढे धावत जाऊन चेंडूही झेलायचा. मॅकी याच जागेवर खेळत असे.

त्याचा जन्म १९४१ सालचा, न्यूयॉर्कमधील एका कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरातला. सिरॅक्यूज विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले. तेथे त्याच्या खोलीत राहणारा सोबती होता अर्नी डेव्हिस; महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानाचा हाइझमन पुरस्कार मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. व्यावसायिक सामना खेळण्यापूर्वीच, १९६३ साली, रक्ताच्या कर्करोगाने डेव्हिसचे निधन झाले. त्याच वर्षी बॉल्टिमोर कोल्ट्स या संघाने मॅकीला घेतले.

त्यापूर्वी टाइट एंड हा मुख्यत: वाट अडविणारा गडी समजला जाई. सहा फूट दोन इंच उंचीच्या मॅकीने शंभर किलोंच्या आसपास वजन घेऊन धावपटूच्या वेगाने दौड केली आणि या जागेचा अर्थच बदलून टाकला. १९६६ च्या हंगामात त्याने झेललेल्या चेंडूंवर नऊ 'टचडाउन' झाले आणि त्यांतील सहा प्रसंगी अंतर पन्नास यार्डांहून अधिक होते. १७ जानेवारी १९७१ रोजी मायामी येथे डॅलस काउबॉइज या संघाविरुद्ध सुपर बोलचा अंतिम सामना झाला. जॉनी युनायटसने फेकलेला चेंडू आधी एका सहकाऱ्याच्या आणि मग एका प्रतिस्पर्ध्याच्या बोटांना लागून मॅकीच्या हाती आला आणि तो घेऊन त्याने थेट रेषा गाठली. पंचाहत्तर यार्डांची ती चाल होती. कोल्ट्सनी सामना १६-१३ असा जिंकला. दहा हंगामांत मॅकीने ३३१ झेल घेऊन ५,२३६ यार्डांची कमाई केली आणि एवढ्या काळात तो केवळ एका सामन्याला मुकला. हा शेवटचा आकडा कौतुकाने सांगितला जातो. त्यासाठी त्याच्या देहाने किती आघात सोसले, याची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

खरेदीदारांची मक्तेदारी

१९६० नंतरची काही वर्षे अमेरिकेत फुटबॉलच्या दोन लीग परस्परांशी स्पर्धा करीत होत्या. एका खेळाडूसाठी दोन गिऱ्हाइके असल्याने वेतन चढत होते. १९६६ साली दोन्ही लीगनी विलीनीकरणाचा करार केला आणि १९७० साली ते पूर्णत्वास गेले. मालक एक झाले, तेव्हा खेळाडूंनाही एक होणे भाग पडले. त्यांच्या एकत्रित संघटनेच्या पहिल्या अध्यक्षपदी मॅकीची निवड झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या नेतृत्वाखाली झालेल्या संपातून निवृत्तिवेतन व इतर लाभांपोटी सुमारे १ कोटी १० लाख डॉलरची भर खेळाडूंच्या पदरी पडली.

परंतु मूळ दुखणे निराळेच होते. नव्या खेळाडूने कोणत्या संघाकडे जायचे, हे तो स्वत: ठरवीत नसे. संघ आळीपाळीने निवड करीत आणि त्याच्या वाट्याला एकच मालक येई. कराराची मुदत व जादा पर्यायी वर्ष भरल्यावर तो मोकळा झाला, असे कागदोपत्री दिसे. तथापि १९६३ पासून लागू असलेला 'रोझेल नियम' आडवा येई. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम असा : मोकळा झालेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतल्यास त्या संघाने पहिल्या संघाला भरपाई द्यावी, दोघांचे न जमल्यास आयुक्त ठरवतील ते खेळाडू किंवा नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क मुकाट्याने द्यावेत. भरपाई किती पडेल, याचा आधी अंदाज येत नसल्याने मोकळ्या खेळाडूला हात लावण्यास कोणी धजत नसे. १९६३ ते १९७४ या काळात १७६ खेळाडूंनी आपली मुदत पुरी केली. त्यांपैकी केवळ ३४ जणांना दुसऱ्या संघात जाता आले. आयुक्तांनी स्वत: भरपाई ठरविली ती अवघ्या चार प्रकरणांत. धाक पुरेसा असला, म्हणजे शिक्षा फारशी द्यावी लागत नाही.

मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या नियमाविरुद्ध दावा लावला. बेसबॉलपटू कर्ट फ्लड १९७२ साली अशाच लढ्यात सर्वोच्च न्यायालयात हरला होता, कारण बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जुनी सवलत होती. फुटबॉलला ती सवलत नाही, हे त्याच न्यायालयाने १९५७ सालीच स्पष्ट केले होते. मिनेसोटातील संघीय न्यायालयात न्या. अर्ल लार्सन यांच्यापुढे ५५ दिवस सुनावणी चालली. मालकांचा बचाव अगदीच पोकळ नव्हता. खेळाडूंना पूर्ण मोकळीक दिल्यास श्रीमंत संघ सारे गुणी खेळाडू ओढून घेतील, लढती एकतर्फी होतील आणि प्रेक्षक पाठ फिरवतील, असे ते म्हणत. खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी नामशेष होऊन चालत नाही, हे खरेच आहे. परंतु १९७५ साली लार्सन यांनी आणि १९७६ साली अपील न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. थोर खेळाडू असो की सामान्य, सर्वांना सारखाच जखडणारा, कालमर्यादा नसलेला हा नियम गरजेहून कितीतरी अधिक कडक आहे आणि तो खऱ्याखुऱ्या वाटाघाटींतून आलेला नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. १८९० च्या शर्मन कायद्याचा तो भंग ठरला.

निकालाने दार उघडले, पण लगेच कोणाला बाहेर पडता आले नाही. १९७७ च्या करारात संघटनेने इतर लाभांच्या बदल्यात भरपाईची पद्धत सौम्य स्वरूपात पुन्हा मान्य केली. १९८२ व १९८७ चे संप आणि १९९२ सालचा आणखी एक न्यायालयीन विजय यांनंतर, १९९३ साली, संघ बदलण्याचे खरे स्वातंत्र्य खेळाडूंना मिळाले. तेही संघाच्या एकूण वेतनखर्चावरील कमाल मर्यादेसह. त्यानंतर वेतनाचे आकडे कोटी-कोटी डॉलरवर गेले. मॅकी १९७२ च्या हंगामानंतरच निवृत्त झाला होता. ज्या झाडाला त्याने पाणी घातले, त्याचे फळ पुढच्या पिढीने खाल्ले.

सन्मानमंदिरात त्याला प्रवेश मिळाला तो १९९२ साली, निवडीला पात्र असण्याच्या अखेरच्या वर्षी. संघटनेच्या कामाची ही किंमत होती, असे अनेक जाणकार मानतात. १९८४ साली कोल्ट्सच्या मालकांनी रातोरात सामान हलवून संघ इंडियानापोलिसला नेला होता. मॅकीने मात्र सन्मानाची अंगठी बॉल्टिमोरमध्येच स्वीकारली. मालक आपला संघ उचलून वाटेल तेथे जाऊ शकत होता. हेच स्वातंत्र्य मागणाऱ्या खेळाडूला मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

खात्यात न दाखविलेला खर्च

कारखान्यातील यंत्र झिजते, म्हणून जमाखर्चात दरवर्षी घसारा धरला जातो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे जाणतो. फुटबॉलच्या धंद्यात झिजणारे मुख्य साधन म्हणजे माणसाचा देह; पण तो मालकाच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून नसतो. त्यामुळे त्याचा घसाराही धरला जात नाही. यंत्र मोडले तर नुकसान कारखानदाराचे. खेळाडू मोडला तर नुकसान त्याच्या घराचे.

पन्नाशीच्या उत्तरार्धात मॅकीच्या वागण्यात फरक पडू लागला. पुढे निदान झाले ते मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांची झीज करणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे. त्याचे निवृत्तिवेतन महिन्याला अडीच हजार डॉलरच्याही आत होते आणि शुश्रूषेचा खर्च त्याच्या कितीतरी पट. मेंदूचा विकार आणि खेळ यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, या कारणास्तव अपंगत्वाचे वेतन त्याला सुरुवातीस नाकारण्यात आले. नाकारणाऱ्यांत लीगच्या जोडीला खेळाडूंची संघटनाही होती. एके काळी तो जिचा अध्यक्ष होता, तीच. पत्नी सिल्व्हिया यांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी विमानात परिचारिकेची नोकरी धरली, ती प्रामुख्याने आरोग्यविम्यासाठी. ज्या वयात माणसे निवृत्तीचे दिवस मोजतात, त्या वयात ही बाई उमेदवारांच्या रांगेत बसली. एका अब्जावधींच्या धंद्याचा घसारा अशा रीतीने एका गृहिणीच्या पगारातून भरला जात होता.

२००६ साली श्रीमती मॅकी यांनी तत्कालीन आयुक्त पॉल टॅग्लियाबू यांना पत्र लिहून या आजाराचे विदारक वर्णन केले. त्यातून २००७ साली लीग व संघटना यांची संयुक्त योजना निघाली. स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंना शुश्रूषागृहासाठी वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत आणि घरच्या शुश्रूषेसाठी ५० हजार डॉलरपर्यंत साह्य देण्याचे तीत ठरले. योजनेला नाव मिळाले '८८ योजना'. मॅकीच्या सदऱ्यावरील क्रमांक ८८ होता.

६ जुलै २०११ रोजी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मॅकीचे निधन झाले. त्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांना देण्यात आला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे होणारा 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी' हा विकार त्यात आढळला. जो संबंध सिद्ध नाही म्हणून त्याला जिवंतपणी वेतन नाकारले गेले, त्याचा पुरावा त्याने मरणोत्तर दिला. हजारो माजी खेळाडूंनी लीगवर लावलेल्या दाव्यांत पुढे तडजोड झाली. २०१७ पासून ती अमलात आली आणि भरपाईची रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली. लीगने दोष मात्र कबूल केला नाही. शिवाय, कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी गृहीत धरून झीज मोजण्याची पद्धत त्या भरपाईच्या तपासणीत वापरली जात होती. ती सोडून देण्याचे लीगने २०२१ साली मान्य केले. घसारा मोजताना मूळ किंमतच कमी लावण्याची ही युक्ती होती.

मॅकीने आपला खेळ कधी नाकारला नाही; अंगठ्यांना तो अखेरपर्यंत जपत राहिला. त्यामुळे खेळावर बंदी घाला, असा सोपा निष्कर्ष या चरित्रातून निघत नाही. श्रम विकण्याचे स्वातंत्र्य मिळविणे ही कामगाराच्या लढ्याची पहिली पायरी होय. त्या श्रमात देहाचा जो भाग कायमचा खर्ची पडतो, त्याची किंमत आजच्या करारातच लिहून घेणे ही दुसरी पायरी आणि ती अधिक अवघड. कारण तरुण अंगाला झीज जाणवत नाही आणि मालकाला ती दिसत नाही. मॅकीने पहिली पायरी बांधली ती भर जवानीत, न्यायालयात उभे राहून. दुसरी त्याच्या नावे बांधली गेली, तेव्हा ८८ हा आकडा कोणाचा, हे सांगण्याच्या स्थितीत तो उरला नव्हता.