ताट पडल्याचा आवाज

स्टीलचं ताट फरशीवर पडलं की त्याचा आवाज लगेच थांबत नाही. ताट गरगरत राहतं, आवाज बारीक होत जातो आणि मग एकदम शांत. लहानपणी त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटायची, कारण त्यानंतर काय होणार ते ठाऊक असायचं.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा साचेखात्यात होते. संप लांबला, आधी आईच्या बांगड्या गेल्या, मग बाबांचा ताबा गेला. आमटी पातळ झाली म्हणून ताट भिरकावलं जायचं. पुढे आईला, मला, धाकट्या भावाला, जो हाताशी सापडेल त्याला मार. चाळीत ते सगळ्यांना ऐकू जायचं. कुणी मधे पडायचं नाही. ‘संपामुळे झालंय,’ एवढंच म्हणायचे. ते खरंही होतं. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या पाठीला संप कळत नाही.

पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न झालं. सगळं मागे पडलं असं समजून चालले होते. एके दिवशी माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या हातून काचेचा ग्लास फुटला आणि माझा हात वर गेला. मारलं नाही. पण त्याचे खांदे एकदम कानांपर्यंत वर आले. ते खांदे मी ओळखले. ते माझे होते.

मग मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, आणि वर्षभराने, त्यांना विचारून, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला. तिथे मला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आपली मराठी भाषा मोठी शहाणी आहे. भीती वाटली की आपण म्हणतो, पोटात गोळा आला, छातीत धस्स झालं, हातपाय गार पडले. म्हणजे भीती कुठे राहते ते भाषेला आधीपासून माहीत आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञाचं २०१४ साली आलेलं गाजलेलं पुस्तक याच मुद्द्याभोवती फिरतं: आघात आठवणीत जितका असतो तितकाच शरीरातही असतो. प्रसंग संपून तीस वर्षं झाली तरी ताट पडल्यावर शरीर आजही तो प्रसंग चालू असल्यासारखं वागतं. त्याला ‘आता काही भीती नाही’ असं शब्दांत कितीही समजावलं तरी ते ऐकत नाही.

बुद्धांच्या शिकवणीत नेमक्या याच जागेला हात घातलेला आहे. पालीत ‘वेदना’ या शब्दाचा अर्थ आपल्यासारखा नुसतं दुखणं असा नाही. सुखद, दुःखद, दोन्ही नसलेली, अशी कुठलीही जाणीव म्हणजे वेदना. बुद्ध म्हणतात, वेदनेतून तृष्णा जन्मते, म्हणजे हवं-नकोची ओढ. ही साखळी तोडायची जागा या दोहोंच्या मधे. खांदे आखडले हे जाणायचं, पण त्यामागून येणारी पळापळ, आरडाओरडा, हात उगारणं, त्याच्या आधी एक क्षण थांबायचं. विपश्यना म्हणजे त्या एका क्षणाची तालीम.

सत्यनारायण गोयंका यांनी ही साधना म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९ साली भारतात आणली. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र हे त्यांचं मोठं काम. शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाचे साधारण दहा तास ध्यान असतं, बोलायचं नाही, फी नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरातल्या जाणिवा पाहायच्या, आणि दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसायचं.

माझ्या पाचव्या दिवशी, त्या न हलता बसण्याच्या तासात, पाठ पेटल्यासारखी झाली. श्वास घशात अडकला. मी हॉलमध्ये नव्हतेच, लालबागच्या खोलीत होते. निश्चय मोडायचा नाही म्हणून दात आवळून बसून राहिले, आणि ती माझी चूक होती. संध्याकाळी तिथल्या आचार्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, डोळे उघडा. बाहेर जाऊन चाला. पायांखालची जमीन बघा. उद्या पुन्हा श्वासापासून सुरू करा.’ इतकं साधं. पण मला कुणीतरी उठायची परवानगी दिली होती. लहानपणी मार चालू असताना ती कधी मिळाली नव्हती.

म्हणून हे स्पष्ट सांगते. ज्यांच्या लहानपणात मारहाण किंवा त्याहून वाईट काही आहे त्यांनी एकदम दहा दिवसांत उडी घेऊ नये. विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्या अनेकांच्या मुलाखती घेतल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ध्यानामध्ये तीव्र भीती वाटणं, जुने आघात पुन्हा अनुभवाला येणं, अशा गोष्टी नोंदवलेल्या आहेत. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, तिथे खरं लिहावं. आणि डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ‘ध्यान करतोस ना, मग गोळी कशाला?’ असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात एक तरी असतात.

आता खरा अवघड भाग. शिबिराच्या शेवटी मंगल मैत्री असते, सर्वांचं भलं होवो अशी भावना करायची. मला वाटलं, म्हणजे आता बाबांना क्षमा करायची. घरी येऊन महिनाभर मी तेच करत बसले. बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, ‘तुमचं भलं होवो’ म्हणायचं आणि रात्री झोप उडायची. वर अपराधी वाटायचं ते वेगळंच.

यातून सोडवलं ते दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाने. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’. आपल्या गोव्यात सांखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाची पाली संहिता संपादित करण्यात आयुष्याची अनेक वर्षं घातली. त्यात मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे. सुरुवात स्वतःपासून. मग ज्यांच्याविषयी आदर आहे असे कुणी, मग जिवलग, मग ज्याच्याविषयी धड प्रेमही नाही आणि रागही नाही असा माणूस, आणि सगळ्यात शेवटी वैरी. वैऱ्यापासून सुरुवात करू नका असं तिथे स्वच्छ बजावलं आहे. त्याच्यापाशी जाऊन राग उसळला तर पुन्हा मागच्या पायरीवर या, असंही. हे वाचून मला हसू आलं. मी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारून पडत होते.

अंगुत्तर निकायात तर मनातला आकस काढण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत. मैत्री, करुणा, उपेक्षा हे तीन. चौथा म्हणजे त्या माणसाकडे लक्षच न देणं. पाचवा, त्याचं कर्म त्याचं आहे हे ध्यानात घेणं. यातला चौथा मला फार जवळचा वाटतो. माफ केलंच पाहिजे असा धोशा लावणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

स्वतःपासून सुरुवात करणंही सोपं नव्हतं. ‘माझं भलं होवो’ म्हटलं की आतून कुणीतरी फिसकन हसायचं. मग मी नऊ वर्षांच्या, दोन वेण्या घातलेल्या, ताटाकडे बघणाऱ्या मुलीला समोर आणलं. तिला म्हणणं जमलं. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान्ह (निधन २०२२) आपल्या आतल्या जखमी मुलाला असंच जवळ घ्यायला सांगत. ते पुस्तक मला नंतर सापडलं.

रोज सकाळी वीस मिनिटं बसते, त्याहून जास्त नाही. ताट पडलं की अजूनही खांदे वर येतात. फरक एवढाच की आता ते वर आलेले मला कळतात, आणि कळल्यावर हळूहळू खाली येतात. मुलगा आता मोठा झालाय. ग्लास फुटला तर तो आधी केरसुणी शोधतो, माझ्याकडे बघत नाही.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. ऐंशी ओलांडली, उजवा हात थरथरतो. मी मैत्रीभावनेत सध्या दूधवाल्यापर्यंत पोचले आहे. त्याच्याविषयी मला प्रेम नाही आणि रागही नाही, फक्त रविवारी तो उशिरा येतो. बाबांपर्यंत अजून गेलेले नाही. त्यांची रक्तदाबाची गोळी मात्र साडेआठला मीच देते.