कोणता डोळा?

परळच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाच्या अलीकडे, एक लांबट खोली आहे. हिरवी टोपी आणि पाठीमागे बंद बांधलेला झगा अशा वेशात वृद्ध स्त्रीपुरुष तेथे बाकांवर ओळीने बसलेले असतात आणि बाहुली विस्फारणारे थेंब घेऊन एक प्रौढ परिचारिका सकाळभर त्यांच्यामधून फिरत असते. प्रत्येकापाशी थांबून ती प्रथम विचारते, “बाबा, कोणता डोळा?” मिळालेले उत्तर कपाळावरील शाईच्या खुणेशी आणि केसपेपरशी ताडून पाहिल्यावरच ती खालची पापणी ओढून थेंब सोडते. दहा-पंधरा मिनिटांनी ती परतते आणि त्याच इसमाला तोच प्रश्न, जणू प्रथमच भेटत आहोत अशा स्वरात, पुन्हा विचारते.

मी गेलो होतो तो शस्त्रक्रिया पाहण्यास. माझ्या लहानपणी गिरगावात ज्याचा मोतीबिंदू काढला जाई त्याला डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस उताणे निजवीत, आणि त्यानंतर जन्मभर जाड भिंगांचा चष्मा त्याच्या नाकावर येई. आता आमच्या चाळीतील वृद्ध शेजारीण सकाळी गेली आणि दुपारी स्वतःच्या पायांनी जिना चढून परतली, तेव्हा या दोन चित्रांच्या मध्ये नेमके काय घडले हे प्रत्यक्ष पाहावे असे मनाने घेतले.

बुबुळामागील नैसर्गिक भिंगात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. काटेकोर रचलेल्या प्रथिनांमुळे ते पारदर्शक असते. शरीर त्वचा टाकते, केस टाकते. या भिंगातील तंतू मात्र कधीच टाकले जात नाहीत, जुन्यांवर नवे चढत राहतात, आणि वयोमानाने, मधुमेहाने, उन्हाने वा तंबाखूच्या धुराने ती प्रथिने एकमेकांस चिकटून गढूळ झाली की आत शिरणारा प्रकाश विखुरतो. हा विकार फसवाही असतो. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की जवळचे काही काळ चष्म्यावाचून वाचता येऊ लागते आणि दृष्टी सुधारली असा भास होतो.

बाकावरील एक लालबागचे गृहस्थ या भासाला वर्षभर भुलले होते. गिरणीच्या साचेखात्यात त्यांनी 1982 च्या संपापर्यंत काम केले होते. “चालत्या साच्यावर धागा तुटला की मला लांबून कळायचा,” ते म्हणाले, “आता रस्त्यावरच्या दिव्याभोवती नुसती वलयं दिसतात.” मोतीबिंदू पिकल्यावरच काढावा, असे कोणीतरी सांगितल्यावरून ते थांबले होते. हा समज किती नेत्रांचे नुकसान करीत असेल याचा विचार मला अस्वस्थ करतो. कारण पिकण्याची वाट पाहावी लागे ती जुन्या पद्धतीत, आज थांबण्याने भिंग केवळ कठीण होते आणि काम जोखमीचे होते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने हा दोष दूर सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. परंतु गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी रूढ केली. त्या रिकाम्या जागी कृत्रिम भिंग बसविण्याचा विचार हॅरल्ड रिडली यांना सुचला, कारण युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताच्या ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे डोळा सहन करतो हे त्यांनी पाहिले होते. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनमध्ये त्यांनी पहिले भिंग बसविले. 1967 मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी दंतवैद्याच्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन, भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली.

तीच युक्ती मी आत पाहिली. डॉक्टर म्हणाले, “2.8 मिलिमीटर, बस्स.” एवढी चीर, टाका नाही, डोळ्यातील दाबानेच ती मिटते. भूल, आयोडिनचे द्रावण, चेहऱ्यावरील हिरवे कापड हे सारे झपाट्याने उरकले. माझे लक्ष शल्यविशारदाच्या हातांकडे असावयाचे ते पायांकडे गेले; एक पाऊल सूक्ष्मदर्शकाच्या पायट्यावर, दुसरे यंत्राच्या, आणि किती जोर लावावा, किती शोषावे, केव्हा थांबावे याचा सारा निर्णय त्या दुसऱ्या पावलाच्या दाबात. भिंगामागील आवरण, ज्याच्या आधारावर नवे भिंग बसावयाचे, ते जेमतेम 4 मायक्रॉन जाडीचे. ते फाटू न देता आतील गढूळ गोळा चतकोर चतकोर करून काढला गेला, घडी घातलेले भिंग त्याच 2.8 मिलिमीटरच्या वाटेने आत गेले आणि हळूहळू उलगडले.

आणि तरीही, चीर देण्यापूर्वी, त्या टेबलावरही कोणीतरी विचारलेच, “बाबा, कोणता डोळा?”

बाहेर येऊन मी परिचारिकेला याविषयी छेडले. ती म्हणाली, “‘उजवाच ना?’ असं विचारलं तर घाबरलेली माणसं हो म्हणतात. म्हणून आम्ही सुचवत नाही, त्यांच्याच तोंडून काढून घेतो.” दोन्ही डोळ्यांच्या भिंगांचा क्रमांक निराळा असू शकतो, सबब येथील चूक दुहेरी ठरेल. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने, ज्यांना 2008 साली पद्मश्री मिळाली, त्यांनी मुख्यत्वे भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात राहून लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले; त्या आकड्याने आपण योग्यच थक्क होतो. परंतु लाख शस्त्रक्रिया म्हणजे लाख वेळा कोणीतरी थेंब सोडले, खूण केली आणि उत्तर येईपर्यंत धीर धरला, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

दुसऱ्या दिवशी साचेखात्यातील गृहस्थांची पट्टी निघाली. घरी ते एकटेच, म्हणून शेजारची मुलगी सोबत आली होती. परिचारिकेने तिला थेंब सोडण्याची रीत दाखविली: हात साबणाने धुवावे, बाटलीचे टोक पापणीला लावू नये, पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा आणि पुढे दर आठवड्याला एक वेळ कमी. मुलीने ते वहीत उतरवून घेतले, आणि परिचारिकेने तिच्याकडून ते सारे एकदा मोठ्याने म्हणवून घेतले.