गुंज, मासा, तोळा

विडी कामगार भगिनींत काम करताना आम्ही वजनाचे महत्त्व शिकलो. पाने आणि तंबाखू त्यांना तोलून मिळतात, विड्या मात्र हजारांच्या हिशेबाने द्याव्या लागतात. तोलात तूट आली, तर ती त्यांच्याच मजुरीवर येते.

त्यांतल्या एक बाई अडचणीपायी सासूचे सोने मोडायला निघाल्या. आम्ही सोबत नगरच्या सराफ बाजारात गेलो. जुन्या चिठ्ठीवर 'दोन तोळे' लिहिले होते. बाई म्हणाल्या, "भाऊ, चिठ्ठी आहे ना, मग तोलायचे कशाला? वीस ग्रॅमच की!" आम्ही तोलायला लावले. वजन तेवीस ग्रॅमांवर भरले.

हे तीन ग्रॅम आले कोठून?

पूर्वी सोन्याचे माप गुंजेपासून सुरू होई. गुंज म्हणजे रानवेलीचे लाल, काळ्या ठिपक्याचे बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. पण बी लहानमोठे असते आणि ते निवडणार सराफ! धातूची वजने अधिक भरवशाची. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमांचा ठरवला. रुपयाही तेवढ्याच वजनाचा असल्यामुळे पारड्यात रुपया टाकून कोणालाही तोळा पडताळता येई. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. तोळा कायद्यातून गेला, पण जिभेवर राहिला, तो मात्र दहा ग्रॅमांचा होऊन!

आफ्रिकेत, आजच्या घाना देशातील अशांती लोकांत एके काळी सोन्याची भुकटी हेच चलन होते. ती तोलायला पितळेची ओतीव वजने असत. कोणी पक्ष्याच्या, कोणी मगरीच्या आकाराची. विशेष हे की, देणारा आणि घेणारा दोघेही आपापली वजने बाळगीत आणि सोने दोघांकडून तोलले जाई. आम्हांस ही रीत फार मोलाची वाटते. माप एकाच्याच हाती राहिले, की दुसऱ्याला नुसता विश्वास ठेवावा लागतो.

तेव्हा घरोघरच्या जुन्या चिठ्ठ्या काढा. त्यांवरील तोळे ११.६६४ ने गुणून ग्रॅम लिहून ठेवा. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही, तेही पाहा.

त्या बाई आता तंबाखू घेतानाही काट्यासमोर उभ्या राहून आकडा मोठ्याने वाचतात.