राजीनाम्यावर सही करण्याआधी ऐका

एमआयडीसीच्या गाडीने पॅकिंगला, शिलाईला जाणाऱ्या बऱ्याच जणींच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात. शंभराला पाऊण रुपया आपला, सव्वातीन रुपये मालकाचे. ते दवाखान्यासाठी, एवढं ठाऊक असतं. पण काम गेलं तर त्याच विम्यातून भत्ताही मिळू शकतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना असं तिचं नाव. 2018 साली सुरू झाली. सरकार तिची मुदत वाढवत असतं, म्हणून आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, तीही आयुष्यात एकदाच. महिना 12,000 पगार धरला, तर दोन वर्षांचे 2,88,000. त्याला 730 दिवसांनी भागलं की रोजचे 394. त्याचे निम्मे 197. नव्वद दिवसांचे साडेसतरा हजारांच्या वर होतात!

त्यासाठी विम्याच्या नोकरीत दोन वर्षं झालेली हवीत. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहामाही हप्ते धरतात. काम जाण्याआधीच्या सहामाहीत 78 दिवस भरलेले हवेत, आणि त्यामागच्या तीनपैकी एकीत 78. कारखाना बदलला तरी विमा क्रमांक जुनाच सांगा.

खरी मेख पुढे आहे. स्वतःहून काम सोडलं, तर भत्ता नाही. गैरवर्तनावरून काढलं तरी नाही. आणि होतं काय, ऑर्डर कमी झाली की सुपरवायझर म्हणतो, "ताई, इथं सही करा, हिशेब देतो." कागदावर असतं, ‘घरगुती कारणाने राजीनामा देत आहे.’ झालं! काढून टाकलेली बाई कागदावर स्वतः सोडून गेलेली ठरते. वाचता येत नसेल तर कागद घरी आणा, गटातल्या शिकलेल्या मुलीला दाखवा. निदान मोबाईलवर फोटो तरी काढा. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच.

सासूच्या आजारपणापायी काम सोडावं लागलं, तरी ते स्वतःहूनच धरतात. आम्हाला हे पटत नाही, पण नियम तसा आहे. बाळंतपणासाठी मात्र राजीनामा देऊच नका. पहिल्या दोन बाळंतपणांना ईएसआयचा 26 आठवड्यांचा लाभ वेगळा आहे.

काम गेल्यावर 30 दिवसांनी अर्ज करता येतो. सेवा केंद्रातून ऑनलाईन भरा, मग आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन शाखा कार्यालयात द्या. मालकाच्या मागे फिरायला नको, पैसे थेट खात्यात येतात. शेतमजुरीला मात्र ही योजना लागू नाही.