लांडगा, वाघ आणि चांदी : जुन्या भयपटाच्या नव्या प्रतीने उभे केलेले प्रश्न

भिलाई (छत्तीसगड) : पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो, ही कल्पना पाश्चात्त्य भयपटांनी जगभर पोहोचविली. या परंपरेतील एक मानबिंदू म्हणजे जॉन लँडिस यांचा १९८१ मधील 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'. ब्रिटनच्या अॅरो व्हिडिओ या संस्थेने २०१९ मध्ये त्याची ब्लू-रे आवृत्ती काढली. मूळ कॅमेरा निगेटिव्हचे फोर-के स्कॅन करून आणि लँडिस यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती करून ती सिद्ध झाली. २०२२ मध्ये अल्ट्रा एचडी आवृत्तीही आली. चाळीस वर्षांपूर्वीचा भयपट इतक्या निगुतीने का जपावा आणि आपल्याकडील भयपटांच्या वाट्याला तशी निगा का येत नाही, हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहण्यासारखे आहेत.

कथा साधी आहे. इंग्लंडच्या उजाड माळरानावर भटकणाऱ्या दोन अमेरिकन तरुणांवर एक श्वापद हल्ला करते. एक मरण पावतो, दुसरा बचावतो. मात्र बचावलेल्या डेव्हिडला मृत मित्र पुनःपुन्हा दिसू लागतो. प्रत्येक भेटीत त्याचा देह अधिक कुजलेला असतो आणि त्याचे सांगणे एकच असते : पौर्णिमेपूर्वी स्वतःला संपव, नाहीतर इतरांचे प्राण घेशील. भय आणि विनोद यांची सरमिसळ हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य खरे. पण त्याच्या गाभ्याशी आहे ती आपण एकटेच का वाचलो, ही अपराधी भावना. त्यामुळेच तो श्वापदाच्या इतर पटांहून वेगळा ठरतो.

भर उजेडातील रूपांतर

वृकमानवाचे आज सर्वपरिचित असलेले अनेक नियम लोककथांपेक्षा चित्रपटांनीच पक्के केले. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'चे लेखक कर्ट सिओडमॅक हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेले ज्यू लेखक होते. चांदीने वृकमानवाचा अंत होतो, ही समजूत त्या चित्रपटाने रूढ केली. त्या काळी रूपांतर दाखविताना एकावर एक विरघळत जाणारी दृश्ये वापरली जात आणि बाकीचे काम अंधार करी.

लँडिस यांनी उलट वाट धरली. त्यांच्या नायकाचे रूपांतर एका घराच्या दिवाणखान्यात, दिव्यांच्या लख्ख प्रकाशात घडते. रंगभूषाकार रिक बेकर यांनी रबराचे कृत्रिम हात आणि चेहरे घडविले; आतील यंत्रणेने ते डोळ्यांदेखत ताणले जात. अंगावर केस उगवताना दाखविण्यासाठी केस आत ओढून घेतानाचे चित्रण केले गेले आणि ते उलटे चालविण्यात आले. सर्वोत्कृष्ट रंगभूषेचा नियमित ऑस्कर पुरस्कार सुरू झाल्यावर त्याचा पहिला मान बेकर यांना मिळाला. हा चित्रपट पाहूनच मायकेल जॅक्सन यांनी 'थ्रिलर'च्या चित्रफितीसाठी लँडिस आणि बेकर यांना पाचारण केले.

अशा चित्रपटाला पुनरुज्जीवन वरदान ठरू शकते, तसे घातकही. निगेटिव्हची प्रत्येक चौकट स्कॅन करून धूळ, ओरखडे आणि डाग काढले जातात. रंग मूळ छटेला आणले जातात. ध्वनिपट्टी स्वच्छ केली जाते. मात्र सफाईचा अतिरेक झाला, तर फिल्मचा नैसर्गिक कण पुसला जातो आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. माणसाची त्वचा आणि रबराची त्वचा यांतील सीमारेषेवर उभ्या असलेल्या चित्रपटात ही चूक परवडणारी नसते. बेकर यांची कला उजेडासाठीच घडविलेली असल्याने स्पष्ट प्रतीतही ती उघडी पडत नाही, उलट अधिक खुलते.

लांडग्याचा वाघ झाला

भारतात ही कथा आली तेव्हा लांडग्याची जागा वाघाने घेतली. महेश भट्ट यांच्या १९९२ मधील 'जुनून'मध्ये राहुल रॉय यांनी साकारलेला नायक पौर्णिमेला वाघ होतो. त्यावर लँडिस यांच्या चित्रपटाची छाप उघड आहे. हा बदल येथील मातीला धरूनच होता. ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात मध्य भारतातील अशी एक लोककथा नोंदविली आहे. एक मनुष्य मुळी खाऊन वाघ होतो. पुन्हा माणूस होण्यासाठी लागणारी दुसरी मुळी त्याने पत्नीच्या हाती दिलेली असते. समोर वाघ पाहताच ती घाबरून मुळीसह पळून जाते आणि तो कायमचा वाघच राहतो. विदर्भापासून कोकणापर्यंत वाघदेव, वाघोबा यांची पूजा करणाऱ्या मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. पुढे २०२२ च्या 'भेडिया'ने अरुणाचल प्रदेशाच्या पार्श्वभूमीवर लांडग्याला परत आणले.

रूपांतराची कला भिलाई परिसराला अन्य मार्गानेही ठाऊक आहे. जवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या, भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत राहिलेल्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषणाने गौरविल्या गेलेल्या तीजनबाई यांच्या पंडवानीत हातातील तंबोरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. तेथे रबर नव्हते की यंत्र नव्हते. प्रेक्षकाची कल्पनाशक्तीच रूपांतर घडवी. मौखिक कला गुरूकडून शिष्याकडे जाते. चित्रपटाचे तसे नसते. त्याची फीत नष्ट झाली की तो संपतो.

चांदीचा शाप

कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या कणांची बनलेली असते. त्या चांदीच्या मोहाने आपल्याकडील कित्येक जुने चित्रपट भंगारात निघाले. कथेत श्वापदाचा जीव घेणारी चांदी वास्तवात चित्रपटांच्या मुळावर आली. उष्ण, दमट हवेत ॲसिटेट फिल्म आंबते आणि तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. रंगीत फिल्मचे रंग विटतात. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कोठेही उपलब्ध नाही. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा जळाला.

पुण्यात १९६४ पासून कार्यरत असलेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचे फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांमुळे चित्र काहीसे पालटले आहे. पुनरुज्जीवित 'मंथन' २०२४ मध्ये कान येथे दाखविला गेला. पण ही निवड बहुधा सन्मानप्राप्त चित्रपटांची असते. रामसे बंधूंचे 'पुराना मंदिर' (१९८४) किंवा 'वीराना' (१९८८) चांगल्या तबकडीवर आणण्यात पुढाकार घेतला तो मोंडो मकाब्रो या परदेशी संस्थेने. एका पिढीने हे चित्रपट पाहिले ते मुख्यतः अंधुक व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर, आणि 'हलके' हा शिक्का त्यांच्यावर तेथेच बसला.

येथे एक चक्र तयार होते. प्रत वाईट म्हणून चित्रपट वाईट वाटतो, वाईट वाटतो म्हणून कोणी तो जपत नाही आणि न जपल्याने प्रत आणखी खालावते. लँडिस यांचा चित्रपटही एकेकाळी केवळ श्वापदपट होता. त्याची निगेटिव्ह टिकली, म्हणून त्याच्या योग्यतेचा निर्णय नंतरच्या पिढ्यांना करता आला. आपल्या भयपटांपैकी किती चांगले आणि किती टाकाऊ, हे प्रेक्षकांनी अवश्य ठरवावे. पण त्यासाठी आधी ते दिसले पाहिजेत. निर्मात्यांच्या वारसांकडे, गोदामांत आणि बंद पडलेल्या चित्रगृहांत पडून असलेले फितींचे डबे भंगारात जाण्यापूर्वी संग्रहालयापर्यंत पोहोचणे, ही त्याची पहिली पायरी आहे.